नागपूरच्या उन्हाळ्यात संगणक तेलात बुडवून ठेवावा का?

उन्हाळकर | ९ एप्रिल, रात्री १०.४०

नमस्कार. मी नागपूरला राहतो आणि घरूनच वास्तुरचनांची त्रिमितीय चित्रे तयार करून देण्याचे काम करतो. संगणक मी स्वतः सुटे भाग आणून जोडलेला आहे. पूर्ण भारावर तो साधारण ३५० वॉट वीज घेतो आणि एखादे मोठे चित्र तयार होताना सलग सहा-सात तास त्याच भारावर चालतो. हिवाळ्यात काहीच अडचण नसते, परंतु एप्रिल ते जून खोलीचेच तापमान ३८ ते ४० अंशांवर असते, तेव्हा प्रोसेसर ९५ अंशांना टेकतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. त्यात खिडकीला कूलर असल्यामुळे ओलसर हवेबरोबर धूळ आत येते आणि पंख्यांच्या पात्यांवर तिचा चिखलासारखा थर बसतो. दर महिन्याला सगळे उघडून ब्रशने साफ करणे आता जिवावर येते.

मासे पाळायच्या काचेच्या टाकीत तेल भरून त्यात अख्खा संगणक बुडवून चालवणाऱ्यांच्या चित्रफिती मी पाहिल्या. धूळ नाही, आवाज नाही, आणि दिसायलाही सुंदर. नवतपा सुरू होण्यापूर्वी हे करावे असे मनात आहे. कोणते तेल घ्यावे, काय काय बुडवता येते, आणि मुळात हे टिकते का, याबद्दल कोणाचा प्रत्यक्ष अनुभव असल्यास कृपया लिहावे.

कढईतला_वडा | ९ एप्रिल, रात्री १०.५२

तेल पुरेसे तापले आहे की नाही हे पाहण्यासाठी पिठाचा थेंब सोडायचा की तापमापक वापरायचा, तेवढे आधी ठरवून घ्यावे.

सुगरण | ९ एप्रिल, रात्री ११.१५

संगणकातले मला फार कळत नाही, परंतु तेलातले कळते. स्वयंपाकाचे कोणतेही तेल घेऊ नका. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन यांपैकी काहीही महिनोन्महिने कोमट ठेवले आणि त्याला हवा लागत राहिली, की ते आधी खवट होते आणि मग चिकट होत जाते. चिमणीच्या जाळीवर बसणारे पिवळे, बोटाला न सुटणारे कीट सर्वांनी पाहिले असेल. तेच कीट तुमच्या महागड्या सर्किटवर बसेल आणि ते काढायला सोडाही उपयोगी पडणार नाही.

कल्पना मात्र मला पटते. लोणच्यावर तेलाचा थर असतो तो हवा लागू नये म्हणूनच.

खटपट्या | १० एप्रिल, सकाळी ८.०५

सुगरणताईंशी सहमत. २००६ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने स्वयंपाकाच्या तेलात संगणक चालवून दाखवला होता आणि तो चाललाही होता, परंतु काही दिवस चालवून दाखवणे वेगळे आणि वर्षभर त्यावर पोट भरणे वेगळे. पुढे २००७ पासून अमेरिकेतल्या प्युजेट सिस्टिम्स या कंपनीने खनिज तेलावर हाच प्रयोग केला आणि नंतर मासे पाळायच्या टाकीत बसणारे संचही विकले. पेटंटच्या अडचणीमुळे ती विक्री पुढे थांबली.

तेल घ्यायचेच असेल तर औषधी दर्जाचे लिक्विड पॅराफिन घ्यावे, आणि त्यातही 'लाइट' म्हणजे पातळ प्रकार. ते रंगहीन असते, त्याला वास नसतो आणि ते खवट होत नाही. माझ्या प्रत्यक्ष अनुभवाबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहितो.

रोहित्र | १० एप्रिल, दुपारी १२.३०

धागाकर्त्यांनी तेल कोणते असे विचारले आहे, परंतु त्यांनी विचारायचा प्रश्न वेगळा आहे असे मला वाटते. माझी ३४ वर्षे ट्रान्सफॉर्मरच्या देखभालीत गेली, त्यामुळे तेलात बुडवलेल्या विद्युत उपकरणांशी माझा थोडा परिचय आहे.

तेल उष्णता नाहीशी करत नाही. ते ती फक्त उचलते, हलवते आणि काही काळ साठवते. एक लिटर हवा एका अंशाने तापवायला जेमतेम सव्वा ज्यूल उष्णता लागते, एक लिटर खनिज तेलाला सुमारे १६०० ज्यूल आणि एक लिटर पाण्याला सुमारे ४२००. हवेच्या तुलनेत तेल हजार पटींहून अधिक उष्णता पोटात घेते, म्हणून पहिल्या अर्ध्या तासात सगळे थंडगार दिसते आणि चित्रफीत करणारा आनंदाने कॅमेरा बंद करतो.

आता तुमचा हिशोब पाहू. टाकीत ३० लिटर तेल धरले, तर ते एका अंशाने तापायला ४८ हजार ज्यूल लागतील. तुमचा संगणक दर सेकंदाला ३५० ज्यूल ओततो, म्हणजे साधारण सव्वादोन मिनिटांना एक अंश. टाकीतून उष्णता बाहेर गेलीच नाही असे धरले, तर तासाभरात तेल २६ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात काचेतून आणि तेलाच्या पृष्ठभागावरून काही उष्णता खोलीत जाते. ३० लिटरच्या टाकीचे उघडे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरा. स्थिर हवेत दर चौरस मीटरमागे दर अंशाला सुमारे १० वॉट उष्णता बाहेर पडते, म्हणजे तुमची टाकी दर अंशाला ५ वॉट टाकणार. ३५० वॉट टाकायचे तर तेल खोलीपेक्षा ७० अंशांनी गरम व्हायला हवे. खोली ४० अंशांवर असेल, तर तेल ११० अंशांवर जाऊन थांबेल. ॲक्रिलिकची टाकी असेल तर ती त्याआधीच मऊ पडू लागेल, आणि प्रोसेसर तर त्याहून कितीतरी आधी स्वतःला बंद करून घेईल.

गावाकडची डीपी, म्हणजे विजेच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, सर्वांनी पाहिली असेल. तिच्या अंगावर बाहेरून वाकवलेल्या नळ्या किंवा उभ्या पट्ट्या असतात, त्या शोभेसाठी नसतात. शंभर केव्हीएची डीपी पूर्ण भारावर दीड-दोन किलोवॉट उष्णता सोडते. ती बाहेर टाकायला लागणारे क्षेत्रफळ त्या नळ्यांमुळे मिळते. गरम तेल हलके होऊन वर जाते, नळ्यांतून उतरताना निवते आणि खालून परत आत येते. काचेच्या टाकीला अशा नळ्या नसतात. त्यामुळे तुम्हाला पंप लावून तेल बाहेरच्या रेडिएटरमधून फिरवावे लागेल आणि त्या रेडिएटरवर पंखा बसवावा लागेल. मग त्या पंख्याचा आवाज आणि त्यावरची धूळ पुन्हा तुमच्याच खोलीत.

आणखी दोन गोष्टी जिव्हाळ्याने सांगतो. भंगारातून ट्रान्सफॉर्मरचे जुने तेल कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नका. जुन्या काळातल्या काही तेलांत पीसीबी नावाची विषारी रसायने असत आणि ती डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. दुसरे म्हणजे, तुमच्या खोलीत कूलर आहे. पाणी तेलापेक्षा जड असते. जो थेंब टाकीत पडेल तो तळाशी जाऊन बसेल, आणि बहुतेक लोक पॉवर सप्लाय नेमका तळाशीच ठेवतात. त्याच्या आत तीनशे-चारशे व्होल्टचा डीसी दाब असतो. आम्ही ट्रान्सफॉर्मरला श्वास घ्यायला सिलिका जेलची बाटली लावतो आणि निळे दाणे गुलाबी झाले की बदलतो, ते तेलात दमट हवा जाऊ नये यासाठीच. पॉवर सप्लाय टाकीबाहेर ठेवावा, हे माझे ठाम मत आहे.

कढईतला_वडा | १० एप्रिल, दुपारी १२.४१

११० अंशांवर वडा तळला जात नाही, नुसता तेल पितो. माझा प्रश्न मी मागे घेतो.

खटपट्या | १० एप्रिल, रात्री ९.२०

रोहित्रकाकांचे गणित बरोबर आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला थोडा कठोर वाटतो. २०११ मध्ये पुण्याला वसतिगृहात असताना मी आणि माझ्या खोलीतल्या मित्राने असा संगणक केला आणि तो १४ महिने चालवला. भार सतत नसे. दिवसातून दोन-तीन तास खेळ आणि बाकी वेळ गाणी. अशा वापरात तेलाचा साठाच उशीसारखा उपयोगी पडतो, कारण तापायला जसा वेळ लागतो तसा निवायलाही रात्र मिळते. त्यामुळे प्रत्येकाने आपला भार किती वेळ चालतो ते आधी पाहावे.

त्रास झाला तो तापमानाचा नाही, तर बाकीच्या गोष्टींचा. पहिला धडा हार्ड डिस्कचा. नेहमीच्या हार्ड डिस्कला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक छिद्र असते. मित्राने त्यावर चिकटपट्टी लावून ती बुडवली. चौथ्या दिवशी तिने मान टाकली आणि तिच्याबरोबर आमचा प्रकल्प अहवालही गेला. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे ती बुडवली तरी चालते.

दुसरा धडा वायरींचा. खनिज तेल पीव्हीसीमधले मऊपणा देणारे द्रव्य हळूहळू ओढून घेते. वर्षभराने वायरी वाळक्या काटक्यांसारख्या ताठ झाल्या आणि वाकवताना त्यांचे आवरण तडकू लागले. नैसर्गिक रबराचे उलटे होते, ते तेल पिऊन फुगते.

तिसरा धडा सर्वांत विचित्र. टाकीबाहेर येणाऱ्या प्रत्येक वायरीच्या आतल्या बारीक तारांमधून तेल दिव्याच्या वातीसारखे वर चढते आणि दुसऱ्या टोकाला ठिबकते. आमच्या कळफलकाच्या वायरीतून ते कळफलकात पोहोचले आणि 'एन्टर'ची कळ गुळगुळीत झाली. यावर उपाय असा की मदरबोर्ड उभा ठेवून जोडण्यांची बाजू वर करावी आणि तेलाची पातळी त्या जोडण्यांच्या खालीच ठेवावी.

जुनाट | १० एप्रिल, रात्री १०.०२

कल्पना नवी नाही, एवढे नोंदवतो. १९८५ चा क्रे-२ हा महासंगणक पूर्णपणे फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेला असे आणि त्यातून उठणाऱ्या बुडबुड्यांमुळे त्याचे टोपणनावच 'बबल्स' पडले होते. तो द्रव मात्र तेल नव्हता, आणि आपल्या खिशाला परवडणाराही नव्हता.

टेक्सासकर | ११ एप्रिल, सकाळी ६.४५

मी ऑस्टिनजवळ एका डेटा सेंटरमध्ये देखभालीचे काम करतो. आमच्याकडे सर्व्हर आडव्या, उघड्या तोंडाच्या टाक्यांत उभे बुडवलेले असतात. तिथे हा प्रकार अगदी व्यवहार्य आहे, आणि त्याचे कारण रोहित्र यांनी सांगितलेलेच आहे. गरम तेल पंपाने बाहेर जाते, उष्णता-विनिमयकात आपली उष्णता पाण्याला देते आणि ते पाणी इमारतीबाहेरच्या शीतक मनोऱ्यात निवते. टाकी हा त्या साखळीतला फक्त पहिला दुवा आहे. घरगुती चित्रफितींत पुढचे सगळे दुवे गायब असतात.

२०१३ मध्ये टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने सुबामे-केएफसी हा तेलात बुडवलेला महासंगणक उभारला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तो ऊर्जाबचतीच्या ग्रीन ५०० यादीत पहिला आला. केएफसी म्हणजे केप्लर फ्लुइड कूलिंग, परंतु नाव ठेवणाऱ्याला तळलेली कोंबडी आठवली नसेल यावर माझा विश्वास नाही.

दुसरी पद्धत उकळणाऱ्या द्रवाची. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या क्विन्सी येथे ५० अंशांना उकळणाऱ्या द्रवात सर्व्हर चालवून दाखवले. वाफ झाकणापाशी निवते आणि पावसासारखी परत खाली पडते. मात्र असे द्रव बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने, निसर्गात विघटन न होणाऱ्या या रसायनांचे उत्पादन २०२५ च्या अखेरीपर्यंत थांबवण्याचे डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले. घरी करून पाहण्यासारखे ते नाहीच.

रोजच्या कामातली एक गोष्ट कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. तेलातून भाग बाहेर काढणे हे अत्यंत कंटाळवाणे काम आहे. एक स्मृतिपट्टी बदलायची तर सर्व्हर वर उचलून, टाकीवरच आडव्या दांड्यावर ठेवून, अर्धा तास निथळू द्यावा लागतो. हातमोजे, कपडे, बूट, दाराची मूठ, सगळीकडे तेल पोहोचते. घरी सौ. काय म्हणतील याचाही हिशोब उष्णतेच्या हिशोबाबरोबर करून ठेवावा.

सुगरण | ११ एप्रिल, सकाळी ९.१०

सौ. काहीच म्हणणार नाहीत, त्या फक्त पोछा आणि बादली तुमच्या हातात देतील.

कोकणकडा | ११ एप्रिल, दुपारी ३.३५

सगळ्यांनी मिळून तेलाला फारच झोडपले आहे, म्हणून त्याच्या बाजूने माझी एक साक्ष. आमची बाग गुहागरजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. पंपाची वेळ आणि टाकीतली पाण्याची पातळी सांभाळायला मी तळहाताएवढा एक संगणक वापरतो. खाऱ्या दमट हवेने पहिले दोन संगणक वर्षभरातच खाल्ले. जोडण्यांवर हिरवट कळंक चढला आणि सगळे संपले. तिसरा मी तीन लिटरच्या काचेच्या बरणीत लिक्विड पॅराफिनमध्ये बुडवला. त्याला तीन पावसाळे झाले आणि तो अजून चालू आहे. सुगरणताईंचे लोणच्याचे उदाहरण माझ्या बाबतीत शब्दशः खरे ठरले.

सुरुवातीला घरातले खोबरेल वापरायचा मोह झाला होता. ते साधारण २४ अंशांखाली थिजते, हे आईने वेळीच लक्षात आणून दिले. पौषातल्या पहाटे संगणक वडीत बसलेला सापडला असता.

रोहित्र | ११ एप्रिल, सायंकाळी ५.५०

कोकणकडा यांच्या प्रयोगाला माझे पूर्ण समर्थन. त्यांचा संगणक फार तर ८-१० वॉट घेत असेल. तीन लिटरच्या बरणीचे क्षेत्रफळ सुमारे एक दशांश चौरस मीटर, म्हणजे ती दर अंशाला एक वॉट टाकते. तेल खोलीपेक्षा दहा अंशांनीच गरम राहील. माझा विरोध तेलाला नाही, ३५० वॉट आणि नुसत्या काचेच्या टाकीला आहे.

खटपट्या यांचा भार सतत नसण्याचा मुद्दाही मला मान्य. परंतु धागाकर्ते सलग सहा-सात तास म्हणतात आणि विदर्भातल्या मे महिन्यात रात्रही निवत नाही.

आडनाव_विचारू_नये | ११ एप्रिल, रात्री ८.१५

प्रोसेसर आणि त्याच्या हीटसिंकमध्ये (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यामध्ये) लावतात ती पेस्ट तेलात विरघळत नाही का? आणि पंखे काढून टाकायचे की ठेवायचे?

खटपट्या | ११ एप्रिल, रात्री ८.४०

कडेची पेस्ट धुऊन जाते आणि तेल गढूळ होते. दोन धातूंच्या मध्ये दाबली गेलेली पेस्ट आमच्याकडे तरी बऱ्यापैकी टिकली. चोखंदळ लोक पेस्टऐवजी इंडियमचा पातळ पत्रा वापरतात. प्रोसेसरवरचा पंखा ठेवावा. तो तेलात फार मंद फिरतो, परंतु तेवढ्यानेही तेल पात्यांमधून सरकत राहते. हवेसाठी बनवलेले काही पंखे या ओझ्याने जळतात आणि वेग कमी दिसल्यामुळे संगणक सुरू होतानाच तक्रार करतो, तेव्हा ती सूचना बायॉसमधून, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीतून, बंद करावी लागते. मालिका क्रमांकाच्या चिठ्ठ्या मात्र दोन दिवसांत सुटून तेलावर तरंगू लागतात, आणि त्यांच्याबरोबर हमीही तरंगू लागते.

उन्हाळकर | १२ एप्रिल, रात्री ११.३०

सर्वांचे मनापासून आभार. रोहित्र यांच्या प्रतिसादानंतर कामाचा संगणक बुडवण्याचा विचार सोडला आहे, परंतु हातांची खाज जात नाही. माळ्यावर माझा जुना संगणक पडून आहे, तो पूर्ण भारावर ९० वॉट घेतो. धाकट्या भावाची माशांची टाकी रिकामीच आहे. २४ लिटर पातळ लिक्विड पॅराफिन मागवले आहे. पॉवर सप्लाय बाहेर, जोडण्या वर, आणि कूलर नसलेली खोली. आकडे घेऊन परत येतो.

कढईतला_वडा | १२ एप्रिल, रात्री ११.३४

माशांनी आधीच घर सोडले आहे, ही शुभचिन्हे म्हणावीत काय?

उन्हाळकर | ३ मे, सकाळी १०.२०

तीन आठवड्यांनी परत आलो आहे. खोली बंद ठेवली होती आणि रात्रभर तिचे तापमान ३४ अंशांच्या आसपास राहिले. सुरुवातीला तेल ३४, तासाभराने ४१, तीन तासांनी ४८ आणि आठ तासांनी ५३ अंश. त्यानंतर ते जवळजवळ स्थिर झाले. माझ्या टाकीचे उघडे क्षेत्रफळ ०.४५ चौरस मीटर भरते, म्हणजे काकांच्या हिशोबाने ९० वॉटला २० अंशांची वाढ यायला हवी होती. १९ आली. हे पाहून मला आनंद आणि दुःख एकदमच झाले.

खरी बाब अशी की प्रोसेसर मात्र ७१ अंशांवरच राहिला. हाच संगणक हवेत, त्याच खोलीत, जुन्या पंख्यासह ७८ अंशांवर जात असे. म्हणजे ९० वॉटला तेल सरस ठरले, आणि आवाज शून्य. दिसायचे म्हणाल तर विलक्षण दिसते. तेल इतके नितळ आहे की भाग काचेत गोठवल्यासारखे वाटतात. शेजारची मुले रोज संध्याकाळी येऊन 'काका, मासे कुठे गेले' असे विचारतात.

वायरींतून तेल चढण्याबद्दल खटपट्या यांनी बजावले होते. जोडण्या वर ठेवल्या तरी पॉवर सप्लायची जाड वायर मी विसरलो. ती टाकीतून वर येऊन पुन्हा खाली टेबलावर उतरत होती. नवव्या दिवशी टेबलावरच्या नकाशांच्या गुंडाळीवर वाटीएवढा पारदर्शक डाग होता. नकाशा गिऱ्हाइकाचा होता.

रोहित्र | ३ मे, सकाळी ११.०५

आकडे व्यवस्थित नोंदवल्याबद्दल अभिनंदन. वायर टाकीबाहेर आल्यावर तिचे टोक तेलाच्या पातळीपेक्षा खाली जाऊ देऊ नये. पॉवर सप्लाय उंच फळीवर ठेवा, ठिबकणे थांबेल. आता मूळ प्रश्नाकडे येऊ, कामाच्या संगणकाचे काय केलेत?

उन्हाळकर | ३ मे, दुपारी १.४५

तो कूलरच्या खोलीतून उचलून मधल्या कोठीच्या खोलीत नेला. तिथे दुपारीही ३५-३६ अंशच असतात आणि कूलरची ओल पोहोचत नाही. पडद्याची आणि कळफलकाची लांब वायर भिंतीतून आणली. पेटीच्या समोरच्या दोन्ही पंख्यांवर बारीक जाळी लावली आणि ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा २२० वरून १७० वॉटवर आणली. चित्र तयार व्हायला दहा टक्के वेळ जास्त लागतो, परंतु प्रोसेसर ८२ च्या वर जात नाही. तेल यात कुठेच नाही.

टेक्सासकर | ३ मे, रात्री ८.३०

उष्णता बाहेर टाकण्यासाठी जागा बदलणे, हेच आमचे डेटा सेंटर करते. फक्त त्याला खर्च जास्त येतो.

सुगरण | ३ मे, रात्री ९.०५

हे सगळे ठीक, परंतु नकाशाच्या डागावर मैदा पसरून वरून कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली का? आणि प्रयोग संपल्यावर ते २४ लिटर मोरीत ओतू नका.

उन्हाळकर | ३ मे, रात्री ९.४०

मैद्याने डाग अर्धा गेला, ताई. तेल ओतणार नाही, डबे जपून ठेवले आहेत. कोकणकडा यांना तीन लिटर हवे असल्यास कळवावे.

कोकणकडा | ३ मे, रात्री १०.१०

सहा लिटर पाठवा. शेजारच्या बागेतला संगणकही हिरवा पडू लागला आहे.